मापाचा कागद

चप्पल लाईनीतल्या आमच्या दुकानात
गल्ल्याखाली पत्र्याचा एक डबा आहे.
त्यात जुन्या पावत्या, गंजलेली आरी,
आणि चार घड्या पडलेला कागद.
कागदावर डावा पाय,
शिसपेन्सिलीने काढलेला.
टाचेशी रेघ थरथरली आहे.
ती थरथर माझ्या हाताची, पणजोबा सांगायचे,
बाईचा पाय हलला नव्हता.

विनिफ्रेड हे नाव आमच्या आळीच्या जिभेला झेपेना.
विनीबाई झाली.
तेव्हा भैरू सातपुते दुसऱ्यांच्या उंबऱ्याखाली बसून
दोरीने लांबूनच माप घ्यायचे.
गिऱ्हाईक पाय पुढे करायचं
आणि नजर भलतीकडे.
ही दुकानात आली, वहीचं पान टरकन फाडलं,
त्यावर पाय ठेवला आणि म्हणाली,
"धर नीट. नाही तर माप चुकेल."

पहिला जोड तिने मुका मागितला.
दवाखान्यात लोक झोपलेले असतात, म्हणाली.
कोल्हापुरात येऊन न वाजणारी चप्पल!
पणजोबांना हसू आलं. दिला करून.

मग उंदीर पडायला लागले.
धान्याच्या कणगीमागे, तालमीच्या हौद्यात,
एक तर देवळाच्या पायरीवर.
काखेत गाठ, जांघेत गाठ.
ज्यांना जाता आलं ते रानात गेले,
आणि ज्यांना गाठ आली त्यांना
पंचगंगेपलीकडे, उसाच्या फडालगत
पाचटाच्या झोपड्यांत नेऊन ठेवलं.
तिथवर भाऊबंदही भाकरी बांधावर ठेवून परत फिरत.
माझी पणजी तानू तिथे होती.
विनीबाई तिथे होती.

नवव्या दिवशी ती दुकानाच्या बंद फळीवर थापा मारत आली.
डोळे आत गेलेले, पदरासारखा टॉवेल खांद्यावर.
"भैरू, यात आवाज घाल."
"बाई, तुम्हीच तर..."
"रात्री ते अंधारात पडलेले असतात.
कुणी येतंय हे त्यांना लांबूनच कळू दे."

पणजोबांनी तळ उसवला,
दोन थरांत बावचीचं बी भरलं,
पुन्हा टाके घातले, रात्रीच, चिमणीच्या उजेडात.
ती समोर बसून होती. ओठ हलत होते, डोळे उघडे.
"डोळे मिटून नाही का करत प्रार्थना?"
"मिटले तर झोप लागेल."
"भीती नाही वाटत, बाई?"
"वाटते. रोज. नदी उतरताना जास्त."
"मग देव राखतो म्हणता तो?"
बराच वेळ ती टाक्यांकडे बघत राहिली.
"राखीन असं नाही म्हणाला तो मला.
येतो, एवढं म्हणाला. बरोबर."

तानू घरी आली. ताटलीएवढ्या तोंडाची, पण आली.
मरेपर्यंत सांगायची,
पाणी नको, औषध नको, त्या बाईचं पुस्तकही नको वाटायचं,
नुसतं बांधावरून
कर्र... कर्र...
ऐकू आलं की वाटायचं, अजून मोजणीत आहोत आपण.

विनीबाई आली नाही.
कपडे जाळले, झोपडी जाळली,
हुकूमच होता, चप्पलही जाळली.
बावचीचं बी तडतडलं असेल का,
हे पणजोबा कितीदा तरी विचारत, कुणालाच नाही.

उरला हा कागद.
मागच्या बाजूला तिच्या अक्षरात यादी:
फिनेल. लिंबं. तांदळाची पेज, दहा जणांना.
दहा खोडून तेवीस.

आता गिऱ्हाईक म्हणतं, आवाज नको, ऑफिसात बरं दिसत नाही.
मी मुके जोड देतो. धंदा आहे.
मंगळवारी अंबाबाईला जातो, घरात ज्योतिबाचा गुलाल आहे,
आम्ही कुणी तिच्या देवाचे झालो नाही, तिने विचारलंही नव्हतं.

पण वर्षातून एकदा मी तिच्या कबरीकडे जातो.
दगडावरचं नाव शेवाळ्याने अर्धं खाल्लंय.
पहिल्या वर्षी फाटकाशी घोटाळलो,
इथे पायातलं काढायचं असतं की नसतं?
विचारायला कुणी नव्हतं.
आत गवत वाढलेलं, दुपार अगदी गप्प.
मी घालूनच गेलो,
मुद्दाम टाच दाबत,
लांबूनच.